उजनीतले बंगडे

"बंगडा! अगं बया, बंगडा हाय ह्यो!" रंगूबाईंनी जाळ्यातला मासा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि काठावरची सगळी माणसं पाण्याकडं पळाली. भिगवणच्या मच्छीमारांच्या वस्तीत नावेचा सण होता. रंगवलेल्या होड्या, हलगीचा कडकडाट, चुलीवर धरणातल्या चिलापी माशाचं कालवण रटरटतंय, आणि मधेच हा समुद्रातला मासा! कुठं समुद्र अन् कुठं उजनीचं धरण! अख्खा सह्याद्री मधे आडवा पडलाय. तरी एक नाही, दोन नाही, जाळंभर बंगडे वर आले होते.

जाळं टाकलेल्या होडीत उभे होते जलानंद महाराज. भगवी कफनी, गळ्यात शंखांची माळ, डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारी 'सागरस्नान' म्हणत बुडी मारून आलेला त्यांचा चेला निथळत होता. "बालकहो," ते गरजले, "सागरराजाला मी हाक दिली. तो पाताळातून चालत आला!"

"चालत?" मी विचारलं. पण त्या हलगीत माझं कोण ऐकतंय! मी चिंतामण मास्तर. इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. सणातल्या गाण्यांना नंबर द्यायला ही मंडळी मला दर वर्षी बोलावतात. त्यांच्यावर माझा जीव आहे, म्हणूनच असला भंपकपणा पाहिला की माझं डोकं फिरतं.

नुसती गंमत असती तर मीही चार बंगडे घेऊन घरी गेलो असतो. पण महाराजांनी आधीच वस्तीत येऊन सांगून ठेवलं होतं, की मासळी घटली ती एका विधवेनं वल्हं हातात घेतल्यामुळं. ही विधवा म्हणजे नकोशी. नवरा गेल्यावर त्याची होडी ती चालवते आणि त्यावर पोरीचं शिक्षण करते. "सणाला सागरराजा स्वतः साक्ष देईल," महाराज म्हणाले होते. "साक्ष मिळाली की ती होडी त्याला अर्पण करा. मी कोकणात नेऊन सोडतो." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आता साक्ष मिळाली होती.

वस्तीचे कारभारी झुंबरतात्या नकोशीजवळ आले. "पोरी, द्यावी लागंल बघ होडी. देवाम्होरं आपलं काय चालतंय?"

"होडी दिली तर मी खाऊ काय, तात्या? पोरीला शाळंतनं काढू?" नकोशीनं होडीचा दोर मुठीत आवळून धरला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला राहवेना.

मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ पाण्यात शिरलो. "महाराज, समुद्र आला म्हणता ना? मग पाणी खारट पाहिजे. घ्या, चव बघा."

माझ्या ओंजळीतलं हिरवं पाणी बघून महाराज दोन पावलं मागं सरले. "सागरराजा मीठ घरी ठेवून आला, बालका. पाव्हण्याकडं जाताना कुणी पदरचं मीठ नेतं का?"

लोकांनी टाळ्या पिटल्या. खरं सांगतो, मलाही हसू आलं. गडी बोलण्यात तरबेज होता.

मग मी रंगूबाईंकडं वळलो. आख्ख्या मासळीबाजारात त्यांच्याइतकं पारखून माल घेणारं दुसरं कुणी नाही. "मावशी, बाजारात कुणी हा बंगडा दिला असता तर घेतला असता?"

"आवो मास्तर, परसाद हाय त्यो."

"असू द्या. कल्ले उघडून बघा."

"परसादाचं कल्लं कोन उघडतंय व्हय?" असं म्हणाल्या खऱ्या, पण सवयीचा अंगठा आत शिरलाच. ताज्या माशाचे कल्ले लालभडक असतात. रंगूबाईंचा चेहरा बदलला. "काळं पडल्यात की! आन् ह्यो येवढा गार कसा?" त्यांनी सुरी मागवली, पोट चिरलं, तर आत अजून बर्फाचे खडे. "आरं मुडद्या! बर्फातला माल हाय ह्यो! मेलेला मासा जाळ्यात शिरतो व्हय रं?"

"समुद्र फार खोल... फार थंड..." महाराज चाचरले.

"मग कल्लं का सडल्यात?"

तेवढ्यात धप्पकन् आवाज झाला. नकोशीनं पदर खोचून महाराजांच्या होडीखाली बुडी मारली होती. वर आली ती प्लॅस्टिकची गोणी घेऊन. गोणीला दोरी, दोरीचं दुसरं टोक होडीच्या तळाला बांधलेलं, आत चार-पाच बंगडे उरलेले.

सगळा खेळ उघडा पडला. बर्फातले बंगडे बाजारातून आणायचे, गोणी होडीखाली बांधायची. जाळं पडलं की 'सागरस्नान' म्हणत चेल्यानं बुडी मारायची आणि गाठ सोडून मासे जाळ्यात ओतायचे. चेला तोवर जवळच्या उसात पसार झाला होता. महाराजांना मात्र बायकांनी असं घेरलं, की पोलीस आल्यावर ते स्वतःच धावत जाऊन गाडीत बसले.

"पर मास्तर," झुंबरतात्या हळूच म्हणाले, "मासळी घटली ह्ये तर खरं हाय न्हवं?"

"खरंच आहे. तुमची जाळी एवढी बारीक, की बोटभर पिल्लंही सुटत नाहीत. पिल्लंच उपसली तर मोठा मासा येणार कुठून? नकोशीच्या वल्ह्याचा त्यात काय संबंध?"

तात्यांनी डोकं खाजवलं. मग नकोशीसमोर हात जोडले. "चुकलं, पोरी."

"हितं नगं, तात्या," नकोशी म्हणाली. "माजी होडी मागितली तवा सगळी वस्ती ऐकत हुती. आता मायकात म्हना."

तात्या निमूटपणे मंडपात गेले आणि माईकवर म्हणाले, "नकोशीचं काय बी चुकल्यालं न्हाय. चूक आमची हाय." त्यावर ज्या टाळ्या पडल्या, तशा महाराजांनाही पडल्या नव्हत्या. दुपारच्या होड्यांच्या शर्यतीत नकोशी तिसरी आली आणि तिची पोर काठावर नाच नाच नाचली.

देवाला खुशाल हात जोडा, माझी हरकत नाही. पण चमत्कार दिसला, की डोळे मिटू नका, उघडा. हात लावा, वास घ्या, प्रश्न विचारा. आणि एखादा चमत्कार तुम्हाला शेजारणीच्या तोंडची भाकरी काढायला सांगत असेल, तर मास्तरची वाट बघू नका. तो चमत्कार खोटा आहे.