ग्रिमीचा तंबू पळाला की नाही

आमच्या गिमली गावात वाऱ्याची दिशा कोणी आकाशाकडे बघून ठरवत नाही. गोठलेल्या सरोवरावर कुणाचा तंबू कुठे निघालाय, ते बघतात. तंबू दक्षिणेकडे पळत असला तर वारा उत्तरेचा. आणि त्याच्यामागे हातवारे करत धावणारा माणूस दिसला, तर तो ग्रिमी.

बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्यांचे तंबू हलके असतात. छत्रीसारखे फटकन उघडतात आणि पतंगासारखे जातात. ग्रिमीचा त्या हिवाळ्यात दोनदा गेला होता. पहिल्या वेळी रिकामा. दुसऱ्या वेळी ग्रिमी आत बसून कॉफी ओतत होता. तो शपथेवर सांगतो, तंबू अख्खी खाडी ओलांडून थांबला तरी एक थेंब सांडला नाही. माझा त्यावर विश्वास आहे, कारण ग्रिमी ओतता ओतताच पिऊन टाकतो.

त्याची बायको लौगा हिला मात्र यात काही मजा वाटली नाही. दोन्ही वेळा मोटार काढून तंबू हुडकायला आणि त्याची घडी पिशवीत कोंबायला तीच गेली होती. तिने स्वच्छ सांगून टाकलं की आणखी एकदा पळाला, तर तंबू तिच्या बहिणीकडे कोंबड्या ठेवायला जाईल आणि ग्रिमी घरी बसेल. घरी म्हणजे लौगाच्या गोधड्या शिवणाऱ्या मैत्रिणींत. रिकामा पुरुष दिसला की त्या त्याला सुयांत दोरे ओवायला बसवतात. ग्रिमीला मरणाची भीती कधीच वाटली नव्हती, पण ह्याची वाटायची.

तंबू कसा रोवायचा याचं गावात प्रत्येकाचं आपलं शास्त्र आहे. मी, हाल्ली, बर्फात पिळून बसवायच्या लांब खिळ्यांचा भक्त. कोणी तंबूच्या झालरीवर हिम लोटून दाबतो, कोणी पाठ वाऱ्याकडे आणि दार आडोशाला ठेवून देवावर सोडतो. ग्रिमीने सगळं करून पाहिलं होतं. खिळे मुळ्यासारखे उपटले गेले. बर्फावरून ओढायच्या स्लेजला बांधला, तर तंबू स्लेज घेऊन पळाला.

मग तो एकाएकी गप्प झाला. कोणाला सल्ला विचारीना. हाताने फिरवायचं गिरमिट घेऊन एकटाच बर्फावर जायचा आणि तंबूभोवती गुडघ्यांवर रांगत काहीतरी करायचा. कोणी जवळ आलं की त्यावर आडवा पडून झोपेचं सोंग घ्यायचा. उघड्या बर्फावर, भर दुपारी.

आणि उत्तरेचा वारा सुटला. असा, की आमच्या चर्चमधल्या घंटेचा आवाज तिथे ऐकू न येता दोन गावं पलीकडे ऐकू आला. सकाळपर्यंत सरोवर झाडून काढल्यासारखं स्वच्छ. माझाही तंबू गेला, खिळ्यांसकट. उभा होता एकटा ग्रिमीचा, फुगलेला, फडफडणारा, पण जागचा न हललेला.

कॉफीच्या दुकानात खिडकीशी दुर्बीण फिरू लागली. कोणी म्हणे त्याने आत दगड भरलेत. कोणी म्हणे खाली स्टर्जन मासा बांधलाय, होडीएवढा, तो वाऱ्याच्या उलट ओढतोय. ही स्टर्जनची गोष्ट मीच पसरवली होती, पण दुपारपर्यंत इतक्या जणांकडून ऐकली की मलाही ती पटायला लागली. शेवटी मला बसवेना. टोपी कानांखाली बांधली आणि गेलो बघायला.

तंबूपाशी पोचलो तर एक खिळा नाही. प्रत्येक दोर सरळ बर्फात शिरला होता आणि वीतभर पलीकडे पुन्हा बाहेर आला होता, कापडातून दोरा यावा तसा. मी ओणवा होऊन नाक टेकेपर्यंत बघितलं. दोर आत वळला कसा? बर्फात हात कोणी घातला?

आत ग्रिमी गळ सोडून बसला होता. मला आधी वाळवलेला मासा आणि लोणी खायला लावलं, मग हवामानाच्या गप्पा मारल्या. मी कासावीस झालोय याची खात्री पटल्यावरच बोलला. दोन तिरपी भोकं पाडायची, एकमेकांकडे तोंड करून, पाण्यापर्यंत न नेता. बर्फाच्या पोटातच ती भेटली पाहिजेत. मग आकडा केलेल्या तारेने दोर ओढून घ्यायचा, गाठ मारायची आणि वरून पाणी ओतायचं.

"आता दोर आणि बर्फ वेगळे उरलेच नाहीत," तो म्हणाला.

"मग सोडवायचा कसा?"

ग्रिमीने गळ वर ओढला आणि पुन्हा खाली सोडला. एवढा विचार त्याने केला नव्हता.

तेवढ्यात खालून धाडकन आवाज झाला. आम्ही खिडकीतून पाहिलं. आमच्या आणि काठाच्या मधे काळ्या पाण्याची पट्टी होती आणि धक्क्यावरचा दिवा हळूहळू उत्तरेला चालला होता. दिवे चालत नाहीत, हे आमच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. वाऱ्याला तंबू उपटता आला नव्हता, म्हणून त्याने तंबूखालचं सरोवरच तोडून घेतलं होतं. फुटबॉलच्या मैदानाएवढा तो तुकडा, आणि मधोमध आमचं तंबूचं शीड.

काठाला धरून रस्ता जातो. थोड्याच वेळात त्यावर लौगाची मोटार दिसली. आमच्याच वेगाने चालली होती, काच खाली केलेली. तिने ओरडून विचारलं, हा तिसऱ्यांदा पळतोय ना? ग्रिमीने ओरडून सांगितलं की तंबू हललेला नाही, बर्फ हललाय. यावर दोघांचं बरंच झालं. मधे एका ट्रकला वाट द्यायला ती थांबली, तेव्हा ग्रिमीने तिच्यासाठी वाक्य अर्धं ठेवलं.

पण पट्टी रुंद होत चालली होती. मी चाकू काढला. दोर कापले की शीड उडून जाईल आणि तुकडा थांबेल, एवढं मला कळत होतं. ग्रिमी दोरावर बसला.

"कापलास की उडाला, हाल्ली. उडाला की माझा हिवाळा संपला."

"आणि नाही कापला तर आपणच संपतो, गाढवा."

"तू पोहतोस ना चांगला."

मी त्याच्या कॉलरला धरलं. तेव्हा काठावरून लौगाचा आवाज आला. असा आवाज, की वाऱ्यालाही बाजूला व्हावं लागलं.

"अरे, भिंती आत ढकला! घडी घालायची म्हणजे आधी काय करतात? हो, तुम्हाला कसं माहीत असणार!"

खरंच माहीत नव्हतं. हिवाळाभर घडी तिनेच घातली होती. आम्ही भिंतींच्या मधोमध काड्या जुळतात त्या गाठी धरून आत ढकलल्या, छप्पर ओढलं. तंबू हुश्श करून आमच्या अंगावर बसला. तुकडा मंदावला, डुलत डुलत काठाच्या बर्फाला लागला आणि दक्षिणेकडच्या सँडी हुक गावाच्या वाळूवर रुतून उभा राहिला.

लौगा काठीने बर्फ ठोकत ठोकत आली. कापडाखालून आम्ही बाहेर निघालो, तरी तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती दोराशी वाकली. एका भोकाला बोट लावलं, मग दुसऱ्याला.

"हा आत कसा वळला?"

ग्रिमीने गिरमिट आणलं. आधी तो नुसतं सांगत होता, मग करून दाखवू लागला, मग गिरमिट तिच्या हातात गेलं. तिची पहिली दोन भोकं एकमेकांना न भेटताच निघून गेली. तिने लगेच पुन्हा पाडली, तार घातली, आणि आकड्याला धरून दोराचं टोक वर आलं, तेव्हा माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग गाठ मारली, बर्फावर पाय रोवून दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. हललं नाही.

"तंबू बांधला होता तिथेच आहे," ती उठत म्हणाली. "ठेव तुझ्याकडे."

ग्रिमीने लगेच कापडावरचा बर्फ झटकायला घेतला.

मी विचारलं, "आणि बर्फाचं काय?"

"बर्फाबद्दल मी कधी काही म्हटलं होतं का?"

दोर अर्थातच सुटेनात. ते कापावेत असं मी सुचवलं, पण दोघांनीही मला वेड्यात काढलं. कुऱ्हाडीने प्रत्येक दोराभोवतीचा बर्फ तोडून तंबू मोटारीत चढवला, एकेका दोराला एकेक ढेकूळ लोंबतंय असा. त्यातलं स्वतः भोकं पाडलेलं ढेकूळ लौगाला घरी नेऊन करवतीने उभं कापायचं होतं, दोर पोटात नेमका कुठे वळतो ते बघायला. म्हणून तिने हीटर लावू दिला नाही आणि गिमलीपर्यंत सगळ्या काचा उघड्या ठेवल्या.

मी मागच्या सीटवर ती ढेकळं मांडीवर घेऊन बसलो होतो.