गोदामांभोवतीची चक्कर

तिने डावा पाय पायटेकणीवर ठेवला, सीटच्या मागच्या दांडीला हात घातला आणि अंग वर ओढलं. पण उजवा पाय काही सीटवरून पलीकडे जाईना. सकाळपासून इस्पितळाच्या धुलाईघरात ओल्या चादरी उपसून पायांचे तुकडे पडले होते. ती पुन्हा खाली उतरली.

"अगं, चढ ना," पुढे बसलेले मिस्त्री म्हणाले. हेल्मेटमुळे त्यांचा आवाज डब्यातून यावा तसा येत होता.

"चढतेय. गाडीवर बसायचंय की हत्तीवर, तेच कळेना."

गॅरेजवाली हसली. चाळिशीतली, केसांत चष्मा खोचलेली बाई. साध्या मोटारसायकली घ्यायची आणि मागचं चाक काढून तिथे दोन चाकं बसवून द्यायची, हा तिचा धंदा. तिने पायानेच एक लाकडी खोका सरकवत आणला.

"काकू, ह्याच्यावर उभ्या राहा आधी. पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. मागे रुंद आहे ना."

खोक्यावरून ती चढली. सीट चांगली होती, मऊ होती, पाठीला टेकायला उशीसारखं काहीतरी होतं. टेकल्याबरोबर तिला इतकं बरं वाटलं, की इथेच दोन घटका बसू द्या, गाडी काही चालवू नका, असं म्हणावंसं वाटलं.

"गिअरची भानगड नाही, क्लच नाही," गॅरेजवाली मिस्त्रींना सांगत होती. "उजव्या मुठीत सगळं. फक्त एक लक्षात ठेवा काका, ही दोन चाकांसारखी अंग झुकवून वळत नाही. हँडल ओढून वळवावं लागतं, दोन्ही हातांनी. जुन्या चालवणाऱ्यांना तेच जड जातं. हाताला काही त्रास नाही ना?"

"छे! पायाचंच काय ते. हात ठणठणीत आहे." मिस्त्रींनी डावी मूठ वळून दाखवली.

ती भिंतीवर टांगलेल्या टायरांकडे बघत राहिली. मूठ वळायची ठीक. उघडायला किती वेळ लागतो ते तिला ठाऊक होतं. मिस्त्रींनी मूठ तशीच हँडलवर नेऊन ठेवली.

"गोदामांभोवती एक चक्कर मारा. गोदामं बंदच आहेत सगळी, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. आरामात या."

मिस्त्री हे त्यांचं नाव नव्हे. शिलाई मशीन दुरुस्त करत त्यांनी उभा जन्म काढला होता, म्हणून सगळे मिस्त्री म्हणायचे. मोटारसायकलला हत्यारांची पेटी बांधून ते घरोघर जायचे, आणि सुट्टीच्या दिवशी पेटीच्या जागी ती बसायची. मागच्या वर्षी झटका आला आणि डावं अंग गेलं. पुढे बरंचसं परत आलं, पण सगळं नाही. चालायला काठी लागली, आणि दोन चाकांची गाडी उभी राहिल्यावर सावरायला पाय पुरेना म्हणून ती विकून टाकली. तेव्हापासून मिस्त्री खिडकीत बसून असायचे. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला नावं ठेवायची, आणि ती कामावरून आली की दिवसभर साठवलेली सगळी कुरकुर तिच्यापुढे ओतायची. तिच्या वाट्याला कामाची पाळी, घर, त्यांचा व्यायाम, त्यांच्या सदऱ्याची बटणं, आणि वर ही कुरकुर. ऐकताना ती हूं हूं करायची आणि मध्येच उभ्या उभ्या डुलकी घ्यायची.

कुणीतरी ह्या तीनचाकीचं सांगितलं आणि मिस्त्री एकदम जागे झाले. स्वतःहून दाढी करायला लागले. आपण पुन्हा बाहेर पडू, म्हणाले. तिने मान डोलावली होती. पण तिच्या मनात आलं ते वेगळंच. हे बाहेर गेले तर घर थोडा वेळ रिकामं मिळेल. एकटीला. त्या विचाराची तिला लाज वाटली होती, आणि तरी तो विचार तिने उराशी धरून ठेवला होता.

गाडी हलली. फाटकातून बाहेर पडेपर्यंत सगळं बरं होतं. सरळ रस्त्यावर मिस्त्रींनी थोडा वेग घेतला, आणि त्यांची पाठ तिच्या ओळखीची झाली. खांदे तसेच, मान तशीच किंचित उजवीकडे. तिने सवयीने दोन्ही हात त्यांच्या कमरेला धरले.

"कशी आहे?" त्यांनी ओरडून विचारलं.

"छान आहे!"

पहिलं वळण आलं. उजवीकडे वळायचं होतं. मिस्त्री उजवीकडे झुकले, त्यांच्यामागून तीही झुकली, आणि गाडी मात्र दोघांचंही न ऐकता सरळ चालत राहिली. समोर गटार होतं, गटाराला लागून कुणीतरी लावलेली हातगाडी होती. "अहो!" ती ओरडली. मिस्त्रींनी करकचून ब्रेक दाबला. हातगाडीच्या दांड्याला पुढचं चाक हलकेच टेकलं आणि थांबलं.

"झुकतेस कशाला? तिने सांगितलं ना झुकायचं नाही म्हणून?"

"तुम्ही झुकलात म्हणून मी झुकले."

"सवय आहे ती. जाईल."

मिस्त्रींनी हँडल इकडेतिकडे हिसडलं, गाडी कशीबशी रस्त्यावर आणली. ह्या वेळी ती मुद्दाम ताठ बसली, त्यांच्या खांद्यावरून पुढे बघत. उजवा हात बरोबर होता. डावा हात मुठीवर नुसता ठेवल्यासारखा होता. हँडल वळायला लागलं की तो ढकलायचा प्रयत्न करायचा आणि घसरायचा, मग बोटं पुन्हा मूठ शोधायची. उशिरा यायची ती, हाक मारल्यावर दुसऱ्या खोलीतून कुणी यावं तशी. मिस्त्रींच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये गेला. ऊन तर काहीच नव्हतं.

दुसरं वळण त्यांनी इतकं हळू घेतलं की पायी चालणारा पुढे गेला असता. तरीही मागचं एक चाक कडेच्या फरशीवर चढलं आणि धप्पकन खाली आलं. तिची जीभ चावली गेली.

गोदामांच्या मागच्या बाजूला आल्यावर मिस्त्रींनी गाडी थांबवली. इथून गॅरेज दिसत नव्हतं. लांबच लांब पत्र्याची भिंत, गंजलेली कुलपं, आणि भिंतीच्या कडेने वाढलेलं गवत. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झाल्यावर फार शांत झालं.

"थांबू जरा," ते म्हणाले.

"थांबा की."

मग उजव्या हाताने त्यांनी डाव्या हाताची बोटं मुठीवरून एकेक करून सोडवली आणि तो हात मांडीवर आणून ठेवला.

"हात येत नाही गं," ते म्हणाले.

एवढ्या महिन्यांत हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. डॉक्टरांपुढे नाही, मुलीला फोनवर नाही, पहाटे सदऱ्याला बटणं लावून घेतानाही नाही. तेव्हा ते छताकडे बघून बटणांच्या काजांना शिव्या घालायचे. तिला वाटत होतं, हे एकदा कबूल करतील तर आपल्याला हायसं वाटेल. वाटलं नाही.

"सकाळीच कळायला हवं होतं," मिस्त्री पुढे म्हणाले. "कळलंच होतं. म्हटलं, गाडीवर बसल्यावर येईल. आपसूक येईल."

"मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय केलं असतंत? खिडकीत बसला असतात."

त्यावर ते हसले. कडू हसणं होतं, पण हसणं होतं.

दूर कुठेतरी पत्रा वाऱ्याने वाजला. घरी जायचं, कणीक मळायची, उद्या पुन्हा पहाटे उठायचं, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि त्याआधी ही गाडी गॅरेजपर्यंत परत न्यायची होती. ढकलत नेली तर गॅरेजवाली काय म्हणेल? आणि हे काय म्हणतील स्वतःला?

"उतरा," ती म्हणाली. "मला दाखवा कसं करायचं ते."

"तू?"

"दुसरं कोण आहे इथे?"

"सायकल तरी कधी चालवलीस का जन्मात?"

"नाही ना. म्हणजे झुकायची सवय नाही मला. मी तुमच्या मागेच झुकले आयुष्यभर."

मिस्त्रींनी मागे वळून तिच्याकडे बघितलं. चिडलीय की थट्टा करतेय, ते त्यांना कळलं नसावं. तिलाही नीटसं कळलं नव्हतं. ते गाडीला अडकवलेल्या काठीच्या आधाराने उतरले, तिला पुढे सरकायला लावलं, आणि शेजारी उभं राहून सांगायला लागले. ही मूठ अशी आपल्याकडे फिरवायची, अलगद, दुधावरची साय काढल्यासारखी. हा ब्रेक. नजर चाकाकडे नको, जिथे जायचंय तिथे. सांगताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला. शिलाई मशीन उघडून बायकांना आतलं समजावताना व्हायचा, तसा. तिला तो आवाज किती दिवसांनी ऐकू आला. घरात तो कुठे गेला होता कोण जाणे.

मग ते मागे चढायला लागले. खोका नव्हता, तिने खांदा पुढे केला, त्यावर भार देऊन ते कसेबसे वर आले. आणि गाडी सुरू करायची तर मागून प्रश्न आला,

"हात कुठे ठेवायचे?"

"कशावर?"

"मागे बसणाऱ्याने. हात कुठे ठेवायचे असतात?"

तिला हसू आलं. "कमरेला धरा," ती म्हणाली. "मी धरते तसं."

त्यांनी उजवा हात तिच्या कमरेला घातला. डावा थोड्या वेळाने आला.

गाडी झटका देऊन निघाली, थांबली, पुन्हा निघाली. "अलगद, अलगद!" मागून सूचना चालूच होत्या. वळण आलं तसं तिने दोन्ही हातांनी हँडल ओढलं. ओल्या चादरींची मोट यंत्रातून उपसताना ओढतात तसं, दंडातून, पाठीतून. गाडी मुकाट्याने वळली. पुढचं वळण त्याहून बरं वळलं. मागच्या सूचना हळूहळू कमी झाल्या आणि मग थांबल्याच.

तिला आनंद झाला का? झाला, क्षणभर. तोंडावर वारा आला आणि बिनकामाचं कुठेतरी निघालोय असं वाटलं. पण लगेच दुसरं काहीतरी मनात उतरलं. म्हणजे आता हेही आपल्याकडेच. पाळी सुटली की घरी यायचं, आणि पुन्हा ह्यांना मागे बसवून हत्यारांची पेटी घेऊन दारोदार. रिकामं घर तर राहिलंच, रिकामी संध्याकाळही गेली. आपण जमत नाही म्हणून सांगितलं तर? दोन झटके द्यायचे, एकदा फरशीवर चढवायची. कोण विचारणार होतं?

शेवटचं वळण बाकी असताना तिने गाडी बाजूला घेतली. त्या वळणापलीकडे फाटक होतं.

"या पुढे," ती म्हणाली. "एवढं एकच वळण राहिलंय. फाटकातून तुम्हीच न्या."

मिस्त्री हलले नाहीत. समोरच्या आरशात तिला त्यांचं अर्धंच तोंड दिसत होतं.

"अहो."

"नको," ते म्हणाले. "तूच घे आत."

ती हँडल धरून बसून राहिली. मग आरशाकडे न बघता म्हणाली, "एक सांगते. मी रोज नाही फिरवणार तुम्हाला. माझ्यात तेवढा जीव उरलेला नाही."

इतकं सरळ ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. ते चिडतील म्हणून ती वाट बघत राहिली.

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाले. "तू बोलता बोलता झोपतेस, तेव्हा मी गप्प होतो. तुला कळत नाही ते."

तिला खरंच कळलं नव्हतं.

"सुट्टीच्या दिवशी," ते म्हणाले. "तुला वाटलं तर. मशिनं लोक घरी आणून देतील माझ्याकडे. नाही दिली तर नाही."

तिने गाडी सुरू केली, वळण घेतलं आणि फाटकातून आत आणली. गॅरेजवाली दारातच उभी होती. कोण पुढे बसून गेलं होतं आणि कोण पुढे बसून आलं, ते तिने बघितलं; चष्मा केसांतून काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला.

मिस्त्री खोक्यावर पाय देऊन उतरले. "बाई, एक पाना द्या बघू," ते म्हणाले. "हँडल फार पुढे आहे. हिच्या हाताला पोचत नाही नीट, पाठ वाकवावी लागते."

"मी करते ना काका."

"द्या हो. येतं मला तेवढं."

गॅरेजवालीने पाना दिला. मिस्त्रींनी काठी भिंतीला लावली आणि गाडीच्या टाकीला कंबर टेकवून उभे राहिले. "हात पुढे कर," त्यांनी तिला सांगितलं. "तसे नाही. सैल सोड. रोज बसशील तशी... म्हणजे सुट्टीला बसशील तशी."

तिने हात हँडलवर सैल सोडले. उजव्या हाताने ते बोल्ट ढिला करायला लागले. डाव्या हाताने दांडी धरायची होती. तो आला, घसरला, पुन्हा आला. कुणी घाई केली नाही. लोखंडाचा बारीक करकर आवाज येत राहिला. हँडल तिच्याकडे थोडं सरकलं, मग आणखी थोडं, आणि तिची पाठ आपोआप मागच्या उशीला टेकली.

"आता बघ," मिस्त्री म्हणाले. "अजून हवंय?"

तिचा डोळा लागला होता. हात हँडलवर तसेच होते, मान एका बाजूला कलली होती.

आत गॅरेजवालीने पत्र्यावर हातोडा उचलला होता. मिस्त्रींनी तिच्याकडे बघून मान हलवली, नको. तिने हातोडा खाली ठेवला. मिस्त्रींनी पाना खिशात घातला, खोका ओढून घेतला आणि गाडीला टेकून त्यावर बसले.