तीन मिनिटांची साक्ष

ऑटिलीबाईंनी अंडी उकडायचं घड्याळ टेबलावर ठेवलं, त्याचा कान पिरगाळला आणि म्हणाल्या,

"हं, बोल."

मिलो काश्पर कागद धरून उभा राहिला. साक्ष खुर्चीत बसून द्यायची असते हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं, तरी तो उभाच राहिला.

"माझं नाव मिलो काश्पर. मी एल्बा क्रीकला राहतो. आमच्याकडे चारशे गुरं आहेत आणि—"

"गुरांची शिरगणती कुणी विचारलीय? आणि अक्षरं कुठे गेली?"

"कसली अक्षरं?"

"नावाची. नाव सांगायचं, मग एकेक अक्षर सुटं करून सांगायचं. समोर नोंद करणारी बाई बसलेली असते. तिने चुकीचं लिहिलं तर राज्याच्या दफ्तरात तू कायमचा चुकीचा राहशील."

"माझं नाव तर माझ्या बाईंनीच सहा महिने चुकीचं लिहिलं होतं."

"तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि तुझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं होतं," ऑटिलीबाई म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून."

सहावीत त्या मिलोच्या वर्गाला शिकवायच्या. पुढे शाळा सोडून त्या नवऱ्याबरोबर गावचं साप्ताहिक चालवू लागल्या आणि नवरा गेल्यावर एकट्याच चालवत राहिल्या. 'क्रॉनिकल'ची आठ पानं. शाळेच्या सामन्यांचे निकाल, गुरांच्या लिलावाची जाहिरात, चर्चमधल्या जेवणाची तारीख आणि मयतांच्या नोंदी, सगळं त्याच लिहायच्या. एकसष्ट वर्षांच्या मिलोने त्या आठ पानांतली दोनच आजवर वाचली होती, गुरांचे भाव आणि फुटबॉल. निवडणुकीला तो जायचा, वडील ज्या पक्षाला मत द्यायचे त्यालाच देऊन यायचा.

गेल्या मार्चमध्ये त्याची मुलगी टेसा गेली. गावच्या हॉस्पिटलातला बाळंतपणाचा विभाग त्याआधी दोन वर्षं बंद झाला होता. जवळचं दुसरं हॉस्पिटल चौऱ्याण्णव मैलांवर. गावची एकुलती एक रुग्णवाहिका त्या सकाळी दुसरीकडे गेलेली होती, म्हणून मिलोनेच तिला पिकअपमध्ये घालून नेलं. बाळ वाचलं. टेसा सव्वीस वर्षांची होती.

ऑक्टोबरात एका गुरुवारी तो 'क्रॉनिकल'च्या कचेरीत आला. खिशातून जुनं कात्रण काढून त्याने टेबलावर पसरलं. विभाग बंद झाल्याची बातमी होती. ऑटिलीबाईंनीच लिहिलेली, तिसऱ्या पानावरची.

"हे कुणी ठरवलं?" त्याने विचारलं.

ऑटिलीबाईंनी चष्मा काढून पुसला. "मिलो, अठ्ठेचाळीस वर्षं हे पत्र काढतेय मी," त्या म्हणाल्या. "हा प्रश्न विचारत या दारातून आलेला तू पहिला माणूस. बस."

तेव्हापासून दर गुरुवारी, अंक छापायला गेला की शिकवणी सुरू व्हायची. टेसाचा नवरा रेल्वेत कामाला होता, पंधरा पंधरा दिवस बाहेर. बाळ मिलोच्या घरीच वाढत होतं, आणि मिलोची बायको डॅर्लीन आठवड्याच्या आठवड्याला शिकवणीसाठी डब्यात खसखशीचे पाव भरून द्यायची. पण तिथे काय शिकलास, हे तिने एकदाही विचारलं नाही. मिलो मात्र सहावीतल्या पोरासारखा वहीत लिहून घेत होता. आपल्या राज्यात एकच सभागृह आहे. एकोणपन्नास सिनेटर. हॉस्पिटलांना गरिबांच्या उपचारांचे पैसे कोण देतं, किती देतं, बाळंतपणाला त्यातून तोटा का होतो. आणि विधेयक कितीही टाकाऊ असो, इथे त्याला सुनावणी मिळतेच. कुणीही गुराखी उठून राजधानीत, लिंकनला जाऊ शकतो आणि समितीसमोर बसून बोलू शकतो.

"इतक्या वर्षांत मला हे माहीतच नव्हतं," मिलो म्हणाला होता.

"मी सहावीत शिकवलं होतं. तू खिडकीबाहेर बघत होतास."

जानेवारीत ओमाहाच्या एका सिनेटरबाईंनी विधेयक मांडलं. लांबच्या गावांतले बाळंतपणाचे विभाग चालू ठेवायला राज्याने पैसा द्यावा, असं. सुनावणी फेब्रुवारीत होती. ऑटिलीबाईंनी घड्याळ लावून त्याची तयारी करून घेतली. तीन मिनिटं. हिरवा दिवा म्हणजे बोल, पिवळा म्हणजे आवर, लाल म्हणजे थांब.

"लाल झाल्यावर एक अक्षर नाही. मात्र समितीतल्या कुणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला हवा तेवढा वेळ मिळतो. जाणते लोक आधीच कुणाला तरी प्रश्न विचारायला सांगून ठेवतात."

"ड्वाइट आहे ना समितीत," मिलो म्हणाला.

ड्वाइट ओबरमायर त्यांच्या भागाचा सिनेटर. शाळेत दोघं एकाच संघातून खेळले होते. त्याची गुरं आणि मिलोची गुरं एकाच ट्रकने बाजाराला जायची. मिलोने त्याच संध्याकाळी त्याला फोन केला. ड्वाइटने सुनावणीची तारीख विचारून घेतली. मग म्हणाला,

"तू ये. मी असेन तिथे."

डॅर्लीन यायला तयार नव्हती. बाळाला ठेवून कशी येऊ, म्हणाली. तिची बहीण बाळाला सांभाळायला येते म्हणाली, तरी ती नाहीच म्हणाली. मिलोने फार ओढलं नाही.

सुनावणीच्या खोलीत लाकूड भरपूर होतं आणि हवा कमी. मिलोच्या आधी सहाजण बोलले. एक डॉक्टर, दोन परिचारिका, आकडे घेऊन आलेला एक तरुण. मिलोचं नाव पुकारलं तेव्हा तो खुर्चीत बसला, नाव सांगितलं, अक्षरं सुटी करून सांगितली. हिरवा दिवा लागला.

रस्त्याबद्दलचं त्याने नीट वाचलं. चौऱ्याण्णव मैल, मध्ये तीन गावं, दोन ठिकाणी फोनही लागत नाही. मग टेसाचं नाव आलं, आणि कागदावर तिच्या नावापुढे जे लिहिलं होतं ते त्याला वाचवेना.

"ती आठ वर्षांची असल्यापासून पोरकी वासरं वाढवायची," तो म्हणाला. "बादलीतून दूध प्यायला वासराला शिकवावं लागतं. आपली बोटं त्याच्या तोंडात द्यायची आणि हळूहळू हात दुधात खाली न्यायचा. माझ्याच्याने ते कधी जमलं नाही. मला घाई असते. ती मात्र तासन्‌तास..."

पिवळा दिवा कधी लागून गेला ते त्याला कळलं नाही. समोर लाल होता.

"काश्परसाहेब, वेळ झाली," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. "समितीत कुणाला काही विचारायचंय?"

मिलोने ड्वाइटकडे पाहिलं. ड्वाइट आपल्या पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. एका बाईंनी पाण्याचा पेला पुढे घेतला. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

"कुणी नाही? एवढ्या लांबून आलात, आभारी आहोत."

मिलो उठला. कागद तिथेच राहिला. तो घ्यायलाही तो परतला नाही.

बाहेरच्या लांबलचक दालनात तो खांबाला टेकून उभा होता, तेव्हा ड्वाइट मागून आला. कोट न घालताच आला होता.

"काही खाल्लंस का, मिलो?"

"एक प्रश्न," मिलो म्हणाला. "मी तुझ्याकडे दुसरं काय मागितलं होतं? 'तुमच्या मुलीचं नाव काय,' एवढं विचारलं असतंस तरी चाललं असतं. गावच्या कुत्र्यालाही आपण ओळख देतो."

"प्रश्न होता माझ्याकडे."

"मग?"

ड्वाइटने दोन्ही बाजूंना पाहिलं. शाळेच्या पोरांची एक रांग घुमटाकडे माना वर करून चालली होती. ती पुढे जाईपर्यंत तो थांबला.

"तिचा फोन किती वाजता आला होता?" तो म्हणाला.

मिलो खांबापासून सरळ झाला.

"मी तिथे होतो, मिलो. गुरं ट्रकात चढवत होतो आपण. तू फोन खांद्यात धरून फाटक लावत होतास. सात वाजून दहा मिनिटं झाली असतील. तू तिला म्हणालास, ट्रक भरून झाला की येतो. तू तिच्याकडे निघालास सव्वाआठनंतर."

"ती म्हणाली, पाठ दुखतेय," मिलो म्हणाला. "विचित्र वाटतंय म्हणाली. पाच आठवडे बाकी होते. रक्ताचं काही बोलली नव्हती, ड्वाइट."

"मला माहीत आहे. आणि हॉस्पिटल गावात असतं तर तो तास कुणाच्या लक्षातही राहिला नसता, हेही माहीत आहे. पण तू बोलत राहिला असतास तर वेळ आलीच असती. माझ्या उजव्या हाताला जो बसतो ना, तो वेळा मोजतोच. ते सगळं छापलं गेलं असतं. डॅर्लीनने वाचलं असतं."

मिलोने मान खाली घातली. मग विचारलं,

"आणि तुझं मत?"

ड्वाइटने खिशात हात घातले. "पैसा नाहीये, मिलो. मी विरोधात आहे हे समितीतल्या बाकीच्यांना आधीच सांगून टाकलंय. बाहेर येणार नाही हे विधेयक, समितीतच राहील."

"म्हणजे मला वाचवलंस आणि..."

"हो," ड्वाइट म्हणाला. "दोन्ही केलं."

तो परत आत गेला. मिलो रात्री शहराबाहेरच्या एका स्वस्त खोलीत झोपला आणि सकाळी निघाला. पाच तासांचा रस्ता. गावात शिरल्यावर घराकडे न वळता त्याने पिकअप 'क्रॉनिकल'च्या दाराशी लावली.

ऑटिलीबाई वही उघडून बसल्या होत्या. "अर्धं मी इथूनच ऐकलं, प्रक्षेपण होतं," त्या म्हणाल्या. "वासरांचं छान बोललास. पहिल्या पानावर घेते. आणखी काय घालू?"

मिलोने टोपी काढली आणि त्यांना तो सात वाजून दहा मिनिटांचा फोन सांगितला. ड्वाइटचं नाव न घेता सांगितला. त्याने बोलणं संपवलं तेव्हा बाईंच्या हातातलं पेन कागदावर एकाच जागी टेकलेलं होतं आणि तिथे शाईचा डाग पडला होता.

"हेही छापा," मिलो म्हणाला. "खरं तर सगळंच छापायला हवं ना? तुम्हीच शिकवलंत."

"काय छापायचं ते मी बघेन. हे घरी सांगितलंस?"

त्याने मान हलवली.

"अकरा महिन्यांत एकदाही नाही?"

"नाही."

"मग आधी इथे कशाला आलास?" ऑटिलीबाई म्हणाल्या. त्यांनी रागाने वही मिटली. "ऊठ. घरी जा."

दुपारचं ऊन स्वयंपाकघरात आलं होतं. डॅर्लीन उंच खुर्चीत बसवलेल्या बाळाला उकडलेलं गाजर कुस्करून भरवत होती. बाळाचं नाव रूबी, दोन दात आलेली.

"कसं झालं?" तिने न बघताच विचारलं.

"डॅर्लीन, चमचा खाली ठेव जरा."

तिने ठेवला नाही. तसाच हातात धरून ती ऐकत राहिली. तो दाराशी उभा राहून बोलला. घातलेला कोट त्याने काढलाही नव्हता. फाटक, ट्रक, खांद्यात धरलेला फोन. 'ट्रक भरून झाला की येतो.' तेवढंच होतं सांगायला. एका तासाचं सांगायला मिनिटही लागलं नाही.

त्याला वाटलं होतं ती ओरडेल. निदान उठून आतल्या खोलीत जाईल. डॅर्लीनने बाळाच्या हनुवटीला लागलेलं गाजर बोटाने पुसलं.

"मला माहीत होतं ती तुला फोन करणार," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं."

"काय?"

"मी बहिणीकडे होते ना तेव्हा. साडेसहाला केला होता तिने मला. आई, कसंतरी होतंय म्हणाली." डॅर्लीनने चमचा वाटीत ठेवला. "मी म्हटलं, पहिलटकरीण आहेस, असं होतंच. गरम पाण्याने पाठ शेक. बाबांचा ट्रक येणार आहे, त्यांना आत्ताच घाबरवू नकोस. अर्ध्या तासाने बघ, नाहीच थांबलं तर सांग त्यांना."

मिलो दारातून एक पाऊल आत आला.

"तिने अर्धा तास थांबून बघितलं," डॅर्लीन म्हणाली. "शहाणी होती. सांगितलेलं ऐकायची."

"म्हणून तू आली नाहीस लिंकनला."

"तिथे मला कुणी काही विचारलं असतं तर?"

बाहेर वाऱ्याने पडवीचं दार आपटत होतं. उठून ते लावावं असं दोघांनाही सुचलं नाही. शेवटी मिलोने कोट काढला, टेबलाच्या पलीकडची त्याची नेहमीची खुर्ची उचलली आणि तिच्या बाजूला आणून ठेवली. तो बसला. डॅर्लीनचा खांदा त्याच्या खांद्याला लागला आणि तिने तो मागे घेतला नाही.

रूबी एकदा आजीकडे आणि एकदा आजोबांकडे बघत होती. घास नक्की कुणाकडून येणार ते तिला कळत नव्हतं. ती तोंड उघडून वाट बघत बसली.