लाइल थेअरचे पाय

लाइल थेअर जिना उतरतो. पांढरा, बत्तीस पायऱ्यांचा जिना. दोन्ही बाजूंना शहामृगाच्या पिसांचे पंखे घेतलेल्या चाळीस मुली. त्याच्या हातात हात कॉरिन व्हेलचा, जिच्या रुपेरी झग्याला शिवणखात्यातल्या नऊ बायका दीड महिना टिकल्या लावत होत्या. खाली येताच तो तिला गर्रकन फिरवतो, छातीशी धरतो. आणि त्याच्या बुटांचा आवाज येत नाही.

कुणाच्याच बुटांचा येत नाही. चित्रीकरणाच्या वेळी गाणं मोठ्यानं वाजवलेलं असतं, त्यात पाय ऐकू येणार कसे? त्यांचा आवाज मागाहून भरायचा, या खोलीत, लाकडी फळ्यांवर नाचत, पडद्याकडे बघत. त्यासाठी फिल्मच्या तुकड्याचं एक टोक दुसऱ्या टोकाला चिकटवतात. मग तो संपतच नाही. परत

लाइल थेअर जिना उतरतो. मर्ल ऑस्ट्रँडर सकाळपासून बघते आहे. कॉरिनचे पाय सहा वर्षं तीच भरते. त्याचं कॉरिनला काही वाटत नाही. "माझ्यापेक्षा माझे पायच हुशार आहेत गं," ती हसून सगळ्यांना सांगते. लाइलचं तसं नाही. एकोणीस चित्रपटांत त्यानं आपले पाय दुसऱ्या कुणाला भरू दिले नाहीत. हा विसावा, आणि शेवटचा. स्टुडिओनं करार वाढवलेला नाही, हे कॅंटीनमध्ये सूप वाढणाऱ्या बाईलाही ठाऊक आहे.

सकाळी त्यानं अकरा वेळा नाचून पाहिलं. अकराव्या वेळी गुडघ्यानं दगा दिला आणि तो फळ्यांवरच बसला. "चला, जेवून घेऊ," म्हणाला, जणू भूक लागली म्हणूनच बसला होता. मग नाचाचे बूट तिथेच काढून लंगडत नर्सकडे गेला.

ध्वनिखात्याचा ऑटो ब्रँडवोल्ड दार लावून घेत म्हणाला, "मर्ल, तो यायच्या आत तू करून टाक."

"त्यांना कळेल."

"नट आहे तो. पडद्यावर जे जे चांगलं दिसतं ते आपलंच, असं नटांना वाटतं."

"ऑटो, मी नाही करणार."

"मग मी बाहेरून कुणी पंचविशीतला आणतो. संध्याकाळपर्यंत मला हे रीळ द्यायचंय. बोल."

लाइल थेअर जिना उतरतो. या वेळी त्याचे बूट मर्लच्या पायांत आहेत, पुढे कापूस कोंबून, आणि कानांवर गाणं ऐकवणारं यंत्र. तिचं वजन कमी, आवाज हलका येईल, म्हणून तिनं शिवणखात्यातून झग्यांच्या घेराला लावतात ते शिशाचे तुकडे आणवले आणि कमरेला बांधले. कंबर ओढली जाते. टक्-टक्, सरक, टक्. एकही पाऊल मागेपुढे नाही. पहिल्याच खेपेला.

"वा!" ब्रँडवोल्ड ओरडला. "एवढा स्वच्छ तर तो स्वतःही कधी

लाइल थेअर जिना उतरतो, आणि लाइल थेअर दारात उभा राहून बघतो. पॅन्टखाली पट्टी बांधलेली, हातात काठी.

"तुझाच दहावा, लाइल," ब्रँडवोल्ड म्हणाला. "जरा साफसूफ केला, एवढंच."

लाइलनं शेवटपर्यंत ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. मर्ल पडद्याकडे बघत राहिली; शिसं अजून कमरेलाच होतं.

"ऑटो," तो शेवटी म्हणाला, "खोटं बोलायचंच तर माझ्या चुकांसकट बोलावं माणसानं."

"कसली चूक?"

"तिला विचार. तिला माहीत आहे."

"वळणाआधी," मर्ल हळूच म्हणाली. "डावा पाय. तो किंचित उशिरा पडतो तुमचा. नेहमीच."

"तेहतीस सालापासून. माझी पहिली जोडीदार वळायला हळू होती. तिच्यासाठी थांबायचो. ती गेली नवरा करून ओहायोला, आणि पाय आपले अजून थांबताहेत." तो तिच्याकडे वळला. "माहीत होतं तर घातलं का नाहीस?"

"मला वाटलं, शेवटच्या वेळी तरी तुम्ही वेळेवर पोचावं."

"वेळेवर पोचणारे ढिगानं आहेत या गावात."

त्यानं फळ्यांकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे. मर्लला वाटलं, आता हा काठी टाकून फळ्यांवर चढेल, आणि पडेल, आणि ते आपल्याला बघावं लागेल.

त्यानं खुर्ची ओढली, फळ्यांच्या अगदी कडेला.

"कानांवरचं काढ, मर्ल. गाणं ऐकू नकोस. माझ्याकडे बघ."

लाइल थेअर खुर्चीत बसून जिना उतरतो. तळहातानं धड पायाच्या मांडीवर हलकेच थाप देतो, माइकपर्यंत जाणार नाही अशी. मर्ल त्या हाताच्या मागोमाग उतरते. वळणापाशी हात वर उचलला जातो आणि तिथेच राहतो. ती एका पायावर उभी. शिसं खाली खेचतंय. हात येत नाही, अजून येत नाही, मग येतो.

"हं," लाइल म्हणाला. "हा मी."

त्यानं ती फेरी पुन्हा ऐकलीसुद्धा नाही. ब्रँडवोल्डच्या खांद्यावर हात ठेवला, मर्लला म्हणाला, "बूट ठेव तुझ्याकडे, मला आता ते घट्ट होतात," आणि काठी टेकत गेला. दाराबाहेरच्या तीन पायऱ्या तो भिंतीला धरून एकेक करून उतरला. त्या वेळी मर्लनं मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

"कॉरिनचे राहिलेत," ब्रँडवोल्ड म्हणाला.

मर्लनं शिसं सोडलं, उंच टाचांचे बूट चढवले, कानांवर यंत्र लावलं. आता त्यात लाइलचे पाय वाजत होते आणि तिला त्यांच्या जोडीनं उतरायचं होतं. पडद्यावर पिसं हलली. दोघं उतरू लागली. वळण जवळ आलं तशी मर्ल, का कोण जाणे, किंचित मागे पडली.

तो थांबला होता.

तिनं वळण घेतलं.