मुकुटाचं माप

बालवर्गाच्या बाईंना गोष्ट फुलवून सांगायची भारी हौस. राज्याभिषेक शिकवायचा म्हटल्यावर तर विचारूच नका. सोमवारी त्यांनी पडद्याच्या दांड्याला सोनेरी कागद चिकटवून राजदंड केला, चेंडूला चांदीचा कागद गुंडाळून राज्याचा गोळा केला आणि बावीस मुलांना समोर बसवलं.

"दंड म्हणजे न्याय. तो कुणाच्या पाठीत घालायचा नाही," त्या म्हणाल्या. "हा गोळा म्हणजे सगळं राज्य, म्हणून जपून धरायचा. आणि मुकुट जड असतो, तेव्हा मान ताठ ठेवायची."

इथे थांबल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण बाई रंगात आल्या होत्या.

"मुकुट घालण्याआधी राजा मोकळ्या डोक्याने येतो बरं का. टोपी नाही, रुमाल नाही. त्याचंही डोकं आपल्यासारखंच आहे, हे सगळ्यांना दिसायला हवं ना."

मग राजा निवडायला चिठ्ठी काढली, आणि ती नेमकी चिमणीची निघाली.

चिमणी मोठ्या आजारपणातून उठून सात महिन्यांनी, गेल्याच आठवड्यात वर्गात परतली होती. औषधांनी तिचे सगळे केस गेले होते. डोक्यावर निळी लोकरीची टोपी असे, पार कानांवर ओढलेली. पहिल्या दिवशी तिचे बाबा फाटकापाशी घुटमळत बाईंना म्हणाले होते, "बाई, एवढंच सांभाळा. कुणी डोकं बघितलं तर पुन्हा शाळेत यायचं नाही, असं तिने ठरवलंय. आणि ती ठरवते ते करते."

"तुम्ही निर्धास्त राहा," बाईंनी सांगितलं होतं.

आता त्यांनी मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या. मुकुटासाठी माप घेताना टेप टोपीवरूनच फिरवली आणि त्या मापाने पुठ्ठा कापला. शुक्रवारपर्यंत मुलं विसरतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. वीस वर्षं बालवर्ग सांभाळलेल्या बाईने असं म्हणावं म्हणजे कमालच झाली. मुलं डबा विसरतात, बूट उलटे घालतात, पण बाईंच्या तोंडून निघालेला शब्द विसरत नाहीत.

शुक्रवारी बाईंच्या खुर्चीचं सिंहासन झालं. जुन्या पडद्याचा झगा सावरत चिमणी त्यावर बसली, एका हातात दंड, दुसऱ्या हातात गोळा. बाईंनी मुकुट उचलला तोच पहिल्या रांगेतून हात वर आला. हा मुलगा प्रत्येक गोष्टीवर हरकत घ्यायचा. शिक्षकांच्या खोलीत त्याला सगळे वकीलच म्हणत.

"बाई, टोपी."

"असू दे रे."

"पण तुम्हीच म्हणालात, मोकळं डोकं."

मागच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. चिमणीने दंड, गोळा सगळं सोडून दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली. गोळा घरंगळत कपाटाखाली गेला. तिने दाराकडे पाहिलं.

"ते मी मनाचं घातलं होतं," बाई म्हणाल्या. "गोष्ट छान व्हावी म्हणून. चुकलं माझं."

बाई चुकतात ही मुलांना नवीनच खबर होती.

टोपी न सोडता चिमणीने विचारलं, "राणीला टोपी काढ असं कोण सांगू शकतं?"

"कुणीच नाही. राणीने सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं."

"मग आधी मला राणी करा."

बाईंनी टोपीवर मुकुट चढवला. तो अगदी मापात बसला. चिमणीने शपथ घेतली, की मी सगळ्यांची काळजी घेईन आणि कुणाला रडवणार नाही. वकिलाने पालथं पडून कपाटाखालचा गोळा काढला, शर्टाला पुसला आणि तिच्या हातात दिला.

"सगळ्यांनी डोळे मिटा," राणी म्हणाली. "बाई, तुम्हीपण."

बाईंनी मिटले. थोडा वेळ नुसता पुठ्ठ्याचा आवाज येत राहिला.

"उघडा."

टोपी तिच्या मांडीवर होती. मुकुट भुवयांपर्यंत घसरून कानांवर टेकला होता, आणि त्याच्या वर तिचं गुळगुळीत डोकं सगळ्या वर्गाला दिसत होतं. वकिलाने बराच वेळ निरखून पाहिलं.

"मुकुट मोठा झालाय," तो म्हणाला.

बाईंनी घाईने स्टेपलर उचलला आणि मुकुट घट्ट करायला पुढे झाल्या.

"नको बाई," चिमणी मान ताठ ठेवून म्हणाली. "केस आले की बसेल."

"तोपर्यंत तूच राणी?" वकिलाने विचारलं.

"तोपर्यंत मीच."

दर शुक्रवारी नवा राजा करायचा, असा बाईंचा बेत होता. त्यांनी स्टेपलर खाली ठेवला आणि तो बेत सोडून दिला.