विमानाच्या टाकीची परात

झुंबरबाई जावयाशी थेट बोलत नसत. बहात्तर साली पाथर्डीकडं विहिरी आटल्या, तेव्हा त्या दिवाळीआधीच लेकीकडं कोपरगावला आल्या. जावई गोरक्षनाथ साखर कारखान्यात फिटर होता. कॉलनीतल्या दोन खोल्यांत तो अगदी हाताच्या अंतरावर बसलेला असला, तरी सासूबाई पदर पुढं ओढून लेकीलाच म्हणायच्या, "चांगुणा, जावयास्नी इचार, अजून भाकर वाढू का?"

"मामींना सांग, अर्धी," गोरक्षनाथही चांगुणालाच सांगायचा.

गोरक्षनाथाला एकच नाद होता, विमानांचा. पातळ फळ्या आणि कागद चिकटवून तो हातभर पंखांचं विमान करायचा आणि कलकत्त्याहून पोस्टानं आलेलं अंगठ्याएवढं इंजिन त्याच्या नाकाडात बसवायचा. मग विमानाला बांधलेल्या दोन लांब तारा धरून तो मैदानाच्या मधोमध उभा राहायचा आणि विमान घोंघावत त्याच्याभोवती फिरायचं. इंजिनाचं खाणं मात्र तऱ्हेवाईक होतं : रॉकेल, एरंडेल आणि ईथर. घराला या तिन्हींचा असा काही वास यायचा, की शेजारच्या छबूबाईंनी एकदा चांगुणाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "कुनाचं पोट साफ होत न्हाई का गं तुमच्यात?"

टाकी होती काडेपेटीएवढी, पत्र्याची, झाळून बंद केलेली. वर दोन बारीक नळ्या. एकीतून तेल घालायचं, दुसरीतून हवा बाहेर पडायची. टाकी भरली हे कळायचं कसं, तर हवेच्या नळीतून तेलाची चिळकांडी उडाली की. ती उडायची पंखावर. कागद तेल प्यायचा, सैल पडायचा आणि विमान जड व्हायचं. मागचं विमान असंच तेल पिऊन पिऊन नाकावर आपटलं होतं. चिळकांडीच्या भीतीनं गोरक्षनाथ हल्ली टाकी अर्धीच भरायचा.

त्या रविवारी मात्र त्याचा हात सैल सुटला. चिळकांडी पंखावरून पलीकडं गेली आणि ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या झुंबरबाईंच्या नव्या लुगड्यावर पडली.

झुंबरबाईंनी लुगड्याकडं पाहिलं, मग ओट्यावर पसरलेल्या तेलाकडं पाहिलं. लुगड्यापेक्षा त्यांना ते सांडलेलं तेलच जास्त टोचलं. त्यांच्या गावात तेव्हा घागरभर पाण्यासाठी दोन मैल चालावं लागत होतं.

"चांगुणा," त्या म्हणाल्या, "जावयास्नी म्हनावं, आमच्याकडं घागर भरताना खाली परात ठेवत्यात. सांडलं ते परातीत, परातीतलं पुन्यांदा घागरीत. तुमच्या टाकीला परातच न्हाई."

"आई, एवढ्याशा टाकीला परात कुठली लावणार?"

"मला काय ठावं? ते फिटर हायेत की मी?"

गोरक्षनाथ हसला, पण रात्री जेवताना त्याचा घास हातातच राहिला. सकाळी तो कारखान्याच्या दवाखान्यात गेला आणि कंपाउंडर सहादेवकडून सलाईनची एक रिकामी बाटली, रबरी बूच, काचेची नळी आणि दोन हात रबरी नळी घेऊन आला. बुचातून त्यानं दोन नळ्या घेतल्या. एक तोंडाशीच थांबली, तेल उतरायला. दुसरी आत काचेच्या नळीला जोडून पार बुडापर्यंत नेली. आता बाटली वर उलटी धरायची. पहिल्या नळीनं तेल टाकीत उतरणार, टाकीतली हवा दुसरीनं बाटलीत परत जाणार. टाकी भरली की तेल हवेच्या नळीत चढणार आणि बाटलीतल्या तेलाच्या पातळीला येऊन गुमान थांबणार. सांडायचं झालं तरी ते बाटलीतच.

पाणी घालून पाहिलं. एक थेंब बाहेर आला नाही. पण नळ्या चिमटून उपसताना दोन्हींच्या तोंडाशी राहिलेलं पाणी ठिबकलं. तीनदा केलं, तीनदा ठिबकलं.

झुंबरबाई बघत होत्या. त्या उठल्या, नळीचं तोंड टाकीपाशीच चिमटीत धरलं आणि बोटं दाबत दाबत बाटलीकडं नेली. आतलं पाणी वर सरकलं. नळी तशीच दाबून उपसली तर तोंड कोरडं.

"हे काय केलंत?" गोरक्षनाथ नकळत म्हणाला.

"चांगुणा, सांग त्यास्नी. शेळीची धार उलटी काढली."

आठ दिवसांनी कारखान्याच्या गळीत हंगामाचा शुभारंभ होता, आणि चेअरमन आप्पासाहेबांनी पाहुण्यांसमोर विमान उडवायला सांगितलं होतं. मैदानावर फुफाटा, तो तेलात जाऊन चालत नाही. म्हणून विमान व्यासपीठावरच भरायचं ठरलं, हारतुऱ्यांच्या टेबलावर. टेबलावर पांढरीशुभ्र चादर होती.

"डाग पडला तर विमान तसंच घरी न्यायचं," आप्पासाहेबांनी आधीच बजावलं होतं.

उलटी धार काही गोरक्षनाथाच्या बोटांना जमली नव्हती. त्यामुळं दीडशे माणसांसमोर झुंबरबाई व्यासपीठावर चढल्या. जावयानं बाटली उंच धरली. तेल उतरलं, दुसऱ्या नळीत चढलं, थांबलं. झुंबरबाईंनी एकेक नळी पिळून उपसली. आप्पासाहेब वाकून चादरीकडं बघत राहिले. चादर कोरडी होती.

विमान खाली नेलं, सहादेवनं ते धरलं, गोरक्षनाथानं नाकाडावरचा पंखा फिरवला, इंजिन तडतडलं. मग तो तारांकडं धावला आणि विमान सुटलं. टाळ्या पडल्या. दोन मिनिटं गेली, तीन गेली, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की हे विमान आपण आजवर कधी भरल्या टाकीनं उडवलंच नाही, आणि मागचं एवढा वेळ कधी टिकलं नव्हतं. चौथ्या मिनिटाला मैदान त्याच्याभोवती फिरू लागलं. तारा सोडल्या तर विमान सरळ पाहुण्यांत घुसणार. पाय अडखळू लागले, तशी त्यानं मान खाली घातली. लोक हसायला लागले. चांगुणानं तोंडावर हात घेतला.

"जावईबापूऽ!" व्यासपीठावरून आवाज आला. झुंबरबाई पार कडेला येऊन उभ्या होत्या, पदर खांद्यावर घसरलेला. "खाली बघू नगा! इमानाकडं बघा! फुगडीत जोडीदारनीच्या तोंडाकडंच बघत्यात!"

त्यानं मान वर केली आणि नजर विमानावर खिळवली. मैदान फिरतच होतं, पण विमान समोर थांबल्यासारखं झालं. आणखी दोन मिनिटं त्यानं काढली. इंजिन फुरफुरलं, बंद पडलं, आणि विमान धुळीत अलगद टेकलं. मग मात्र गोरक्षनाथ होता तिथंच मटकन बसला.

झुंबरबाई पायऱ्या उतरून धावत गेल्या आणि त्याचं मनगट धरलं. "उठू नगा लगीच. डोळं मिटा."

"मामी, विमान कसं उडालं?"

"म्या कुठं बघितलं? माझं ध्यान तुमच्याकडं हुतं, कवा पडताय म्हनून."

घरी जाताना दोघं पुढं, चांगुणा विमान घेऊन मागं. टाकी अर्ध्यानं लहान करा, असं झुंबरबाईंचं म्हणणं होतं. त्यापेक्षा मी चक्कर न येण्याची सवय करतो, असं गोरक्षनाथाचं. हे भांडण जेवण होईपर्यंत चाललं. शेवटी त्यानंच हार मानली आणि दुसऱ्या दिवशी लहान टाकी झाळून आणली. झुंबरबाईंनी ती पाण्यानं भरली, कानाशी नेऊन हलवली, उजेडात उलटीपालटी करून पाहिली आणि एका कोपऱ्यात झिरपते म्हणून परत केली.