बिनशिक्क्याची पाहुणी

"परदेशी विद्यार्थी दुप्पट करायचे म्हणता, पण तुमच्यापैकी एकाने तरी एखादा स्वतःच्या घरी ठेवून घेतलाय का?"

हा प्रश्न भर सभेत विचारून दाखव, अशी पैज एका शाळकरी मुलीशी तिच्या मैत्रिणींनी लावली होती. आणि तिने तो विचारला, तोही माझ्यातून! मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. सरकारी सभागृहातल्या लांबलचक टेबलावरचा, वाकड्या मानेचा.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईंनी केसाएवढ्या बारीक तारा जोडल्या, "हॅलो, हॅलो" म्हटलं आणि मी पहिल्यांदा बोललो. इथे आलो तेव्हा काय थाट होता माझा! मोठमोठी माणसं माझ्याजवळ सरकून बसायची. पुढे नवे, सडपातळ माइक आले आणि माझी रवानगी टेबलाच्या टोकाला झाली. तिथे जो येईल तो मला टकटक करायचा, नाहीतर फुंकर मारायचा. फुंकरीने आतून दमट व्हायला होतं हो! फक्त ध्वनियंत्रणा सांभाळणारे, म्हणजे त्या मुलीचे बाबा, मला रोज मऊ फडक्याने पुसायचे.

यंदा इथे शिक्षणाच्या निर्यातीचं राष्ट्रीय धोरण ठरत होतं. मला आधी वाटलं, पुस्तकं खोक्यांत भरून जहाजावर चढवणार. पण छे! बाहेरदेशची मुलं इथे येऊन शिकतात, फी भरतात, त्यालाच ही मंडळी निर्यात म्हणतात. मसुदा लिहीत होती मुलीची आई. अकरा बैठका झाल्या. प्राचार्य बोलले, विमान कंपन्या बोलल्या, हॉटेलवाले तर उठता उठेनात. परदेशी विद्यार्थी मात्र एकही बोलला नाही. का? तर बोलण्याच्या अर्जावर संस्थेचा शिक्का लागायचा, आणि एकट्या माणसाकडे कुठला आलाय शिक्का!

शेवटच्या बैठकीला नर्सिंग शिकायला आलेली एक परदेशी मुलगी बिनशिक्क्याचा अर्ज घेऊन आली. शिपायाने तिला मागच्या खुर्चीवर बसवलं. ऐकायची परवानगी होती, बोलायची नव्हती. सभेआधी बाबा मला पुसत असताना लेकीने त्यांना सगळं सांगितलं होतं. ती आणि ही परदेशी ताई वाचनालयात शेजारी बसायच्या. ताईची राहती खोली विकली गेली होती. शुक्रवारपर्यंत नवा पत्ता दिला नाही, तर कॉलेज तिचं नाव कमी करणार होतं.

"बाबा, आपली स्पीकरवाली खोली आहे ना?"

"बघू," बाबा म्हणाले. त्यांच्या "बघू"चा अर्थ तिला लहानपणापासून ठाऊक होता.

लेकीकडे मात्र शाळेच्या वादविवाद मंडळाचा शिक्का होता, चांगला ठसठशीत! म्हणून तिला तीन मिनिटं मिळाली आणि तिने तो प्रश्न विचारला.

"ठेवतो की, भाडं दिलं तर!" एक हॉटेलवाला ओरडला. सगळे हसले. आईने मसुद्यात तोंड खुपसलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "प्रश्न चांगला आहे, बाळ. तुझ्या घरी आहे का गं कुणी?"

"अजून नाही," ती पुटपुटली, आणि तेही मी सगळ्या सभागृहाला ऐकवलं. काय करणार, माझं कामच ते. आई हळूच म्हणाली, "अगं, बस आता खाली."

मित्रांनो, आम्हा माइकांची एकच विनंती आहे. आम्हाला आपटू नका, फुंकू नका. आणि कधीतरी आमची मान त्याच्याकडेही वळवा, ज्याला कुणी बोलायला सांगितलेलं नाही.

ती खाली बसली नाही. तिने मला उचललं, वायर पुरेल तितकं ओढलं आणि मागच्या खुर्चीकडे वळवलं.

"ताई, आमच्याकडे राहशील? खोलीत बाबांचे मोडके स्पीकर आहेत, आईच्या फायली आहेत, पण खिडकी मोठी आहे."

ताई उठली. "राहीन," एवढंच म्हणाली. आपली भाषा ती नुकतीच शिकत होती, पण तो शब्द अगदी समोर अध्यक्षांपर्यंत स्वच्छ पोचला.

मग मुलीने मला पुन्हा स्वतःकडे वळवलं.

"आई, बाबा, माझं ठरलंय. स्पीकर आणि फायली आज संध्याकाळी माझ्या खोलीत येतील, आणि ताई उद्या आपल्या घरी येईल. आता 'बघू' म्हणायचं नाही!"